स्टुडिओतील कॅमेरा स्टँड : जुळवलेली फ्रेम पुन्हा पुन्हा का सरकते आणि दोष कोणत्या सांध्यात शोधावा

कॅमेरा स्टँडवर चढवला, फ्रेम जुळवली, फोकस पक्का केला, दिवे लावण्यात पाऊण तास गेला आणि पहिला फोटो घेताना दिसले की बाटलीचे बूड ठरवलेल्या रेषेपेक्षा किंचित वर गेले आहे. म्हणजे कॅमेरा खाली झुकला आहे. हेड, म्हणजे कॅमेरा ज्यावर बसतो व ज्याने तो वळवता येतो तो भाग, आणखी आवळून फ्रेम पुन्हा जुळवली, तरी अर्ध्या तासाने तेच घडते. नाशिकमध्ये उत्पादनांचे फोटो काढणाऱ्यांकडून ही तक्रार वरचेवर ऐकू येते, कारण इथले कामच तसे आहे: दिंडोरी भागातील वाइनच्या बाटल्या, सराफ बाजारातील चांदीची भांडी, भांडी बाजारातील तांबे-पितळ, येवल्याची पैठणी. बाटलीच्या एका फोटोसाठी लेबल, काचेची कड, आतील वाइनचा रंग आणि झाकणावरची चमक यांच्या वेगवेगळ्या प्रकाशातील फ्रेम घेऊन त्या संगणकावर एकावर एक बसवाव्या लागतात. चांदीच्या वस्तूचा पुढून मागेपर्यंत सगळा भाग स्पष्ट हवा असेल, तर फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फ्रेम घ्याव्या लागतात. अशा कामात फ्रेममध्ये चार पिक्सेलचा फरक पडला, तरी कडांना दुहेरी रेघ दिसू लागते आणि फोटो काढायला लागला त्याहून अधिक वेळ दुरुस्तीत जातो.

यावर सहसा सुचवला जाणारा उपाय म्हणजे अधिक वजनाचा, अधिक क्षमतेचा स्टँड घेणे. माझे मत वेगळे आहे. जमिनीपासून कॅमेऱ्यापर्यंत पाया, चाके, खांब, खांबावर सरकणारा घोडा, आडवा आर्म, हेड, प्लेट आणि लेन्स अशी सांध्यांची साखळी असते व तीतील एखादा सांधा ढिला असतो. तो सांधा न शोधता नवा स्टँड आणला, तर पुष्कळदा ढिला भाग जुन्या हेडबरोबर किंवा जुन्या प्लेटबरोबर नव्या स्टँडवर जाऊन बसतो आणि तक्रार तशीच राहते.

प्रथम तक्रार नेमकी कोणती आहे, हे ठरवावे लागते, कारण एकाच नावाखाली तीन वेगळे दोष सांगितले जातात. फ्रेम हळूहळू आणि एकाच दिशेने सरकत असेल, तर कोठेतरी पकड सुटत आहे. दोन फ्रेमच्या मध्ये एकदम उडी दिसत असेल आणि पुढे कॅमेरा स्थिर राहत असेल, तर दोष बहुधा स्टँडचा नसून कॅमेरा, लेन्स किंवा केबलचा असतो. एकाच फ्रेममध्ये फोटो हललेला येत असेल, तर ते कंपन आहे. कंपन ओळखण्याची सोपी खूण अशी की ते सततच्या एलईडी प्रकाशात, १/१५ सेकंदापासून अर्ध्या सेकंदापर्यंतच्या शटरला दिसते आणि अंधाऱ्या खोलीत केवळ फ्लॅशवर घेतलेल्या फ्रेममध्ये दिसत नाही, कारण अनेक स्टुडिओ फ्लॅशचा प्रकाश साधारण १/५०० ते १/२००० सेकंदात संपतो व तेवढ्या वेळात स्टँडला हलायला सवडच मिळत नाही.

उडीचा दोष आधी निकालात काढावा, कारण त्याला खर्च नाही. कॅमेरा स्टँडवर असताना लेन्समधील व कॅमेऱ्याच्या आतील असे दोन्ही स्टॅबिलायझर (हात हलल्याचा परिणाम कमी करणाऱ्या यंत्रणा) बंद करावेत. ते चालू राहिले, तर फ्रेमगणिक लेन्समधील काचगट किंवा सेन्सर थोड्या वेगळ्या जागी येऊन थांबू शकतो आणि वरकरणी स्टँड हलल्यासारखे दिसते. आरशाचा कॅमेरा असेल तर आरसा वर ठेवून किंवा लाइव्ह व्ह्यूमध्ये काम करावे आणि शटर हाताने न दाबता संगणकावरून सोडावे. संगणकाला जोडलेली केबल कॅमेऱ्याच्या खोबणीतून सरळ जमिनीपर्यंत लोंबत असेल, तर तिचे वजन व तिला लागणारा प्रत्येक धक्का थेट कॅमेऱ्यावर येतो, म्हणून ती आर्मला क्लॅम्पने बांधून कॅमेऱ्याजवळ ढिला वेटोळा ठेवावा. पैठणीचा पदर वरून टिपताना कॅमेरा जमिनीकडे तोंड करून असतो आणि त्या वेळी झूम लेन्सची नळी स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली उतरते. हा सर्वांत फसवा प्रकार आहे, कारण स्टँडचा प्रत्येक खटका तपासला तरी काही सापडत नाही. झूमला कुलूप असेल तर ते लावावे, नसेल तर नळीवर कापडी टेपची एक पट्टी आडवी चिकटवावी किंवा सरळ एकाच फोकल लांबीची लेन्स वापरावी.

इथपर्यंत सगळे ठीक असूनही फ्रेम सरकत असेल, तर पुढची तपासणी डोळ्यांवर सोपवू नये. साधा लेझर पॉइंटर घ्यावा, तो कॅमेऱ्याच्या बॉडीला टेपने घट्ट बांधावा आणि ठिपका समोरच्या भिंतीवरील आलेख कागदावर पाडावा. बटण दाबून राहावे म्हणून त्यावर रबर बँड लावता येतो. भिंत ४ मीटरवर असेल आणि ठिपका १ मिलिमीटर उतरला, तर कॅमेऱ्याचा कोन सुमारे ०.०१४ अंशाने बदलला असे समजावे. ६००० पिक्सेल रुंदीचा फुलफ्रेम सेन्सर व १०० मिलिमीटर लेन्स असेल, तर हे अंतर फ्रेममध्ये साधारण ४ पिक्सेलचे होते. कागदावर पेन्सिलीने ठिपक्याची जागा व वेळ लिहावी, खोलीतून बाहेर पडावे आणि अर्ध्या तासाने परत येऊन पाहावे. लेझर डोळ्यांच्या पातळीवर ठेवू नये आणि समोर चकचकीत भांडी असतील तर ती आधी उचलावीत, कारण उलट फिरलेला किरण डोळ्याला व सेन्सरला दोघांनाही घातक आहे.

ठिपका सरकतो हे सिद्ध झाले की लेझर एकेक सांधा खाली उतरवायचा, कॅमेऱ्यावरचे वजन मात्र तसेच ठेवायचे. आता तो हेडच्या वरच्या भागाला न बांधता हेडच्या बुडाशी, आर्मच्या टोकाला बांधावा. ठिपका स्थिर राहिला, तर दोष हेड, प्लेट किंवा त्याच्या वर आहे. सरकला, तर आर्म किंवा त्याच्या खाली आहे. मग तो आर्मच्या खांबाकडील टोकाला, मग घोड्याला, मग खांबाच्या तळाशी न्यावा. खांब तळाशीच झुकत असेल तर पाया, चाके किंवा फरशी एवढेच उरते. या सगळ्याला अर्धा दिवस जातो, पण त्यानंतर कोणता बोल्ट आवळायचा हे नक्की ठाऊक असते. उगाच सगळेच खटके जोर लावून आवळल्याने नायलॉनच्या पट्ट्या चेपतात आणि पुढे पकड आणखी कमी होते.

आता सापडणाऱ्या दोषांविषयी. प्लेट व कॅमेरा यांच्या मध्ये कॉर्क किंवा जाड रबर असेल, तर जड लेन्सच्या वजनाने ते तासाभर दबत राहते. उभ्या फ्रेमसाठी कॅमेरा आडवा टांगला असेल, तर तो एकाच स्क्रूभोवती गोल फिरू पाहतो. धातूची, मागे ओठ असलेली प्लेट किंवा इंग्रजी एल अक्षरासारखा वळवलेला ब्रॅकेट वापरला की ही अडचण मिटते, आणि जड लेन्सला स्वतःची कॉलर असेल तर स्टँड तिलाच जोडावा. बॉल हेड स्टुडिओतल्या कामाला मला कधीच योग्य वाटलेले नाही. खटका सोडताच तिन्ही दिशा एकदम मोकळ्या होतात आणि आवळताना फ्रेम थोडी झुकतेच. दाती चाकांचे हेड एका वेळी एकच दिशा फिरवते व तिथेच थांबते, परंतु त्याच्या दातांमध्येही थोडा खेळ असतो, म्हणून शेवटची फिरवणी नेहमी वजन उचलण्याच्या दिशेने संपवावी.

स्टँडला हेड जोडणारा स्क्रू हा नाशिकमध्ये विशेष लक्ष देण्याचा विषय आहे. छायाचित्रणातील दोन मापे आहेत: कॅमेऱ्याखाली १/४ इंच व इंचाला २० आटे, आणि हेडखाली ३/८ इंच व इंचाला १६ आटे. वर्कशॉपच्या भाषेत ही दोन सुती आणि तीन सुती मापे झाली (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). सातपूर-अंबड या औद्योगिक वसाहतींतील लेथवर आज बहुतेक काम मेट्रिक मापात होते, त्यामुळे नमुना न देता केवळ तोंडी सांगितले, तर पुष्कळदा एम ६ किंवा एम १० चा स्टड करून मिळतो. एम ६ चा व्यास ६ मिलिमीटर आणि आट्यांमधील अंतर १ मिलिमीटर असते, तर पाव इंची स्क्रूचा व्यास ६.३५ आणि अंतर १.२७ मिलिमीटर असते. त्यामुळे एम ६ पाव इंची छिद्रात दोन फेरे डुगडुगत जातो व मग अडकतो, आणि अडकला म्हणजे घट्ट बसला असा समज होतो. एम १० चा स्टड तीन सुती छिद्रापेक्षा जाड असतो आणि तो पान्याने रेटून बसवला, तर हेडच्या मऊ अ‍ॅल्युमिनियमचे आटे मरतात. अशा एका हेडचे बूड मी उघडून पाहिले, तेव्हा आतून चांदीसारख्या बारीक चुऱ्याची कडी निघाली आणि छिद्रात धड उभे असे जेमतेम दोन आटे उरले होते. त्या दोन आट्यांवर सगळा कॅमेरा तोललेला होता. म्हणून वर्कशॉपमध्ये जाताना मूळ स्क्रू बरोबर न्यावा आणि कारागिराकडे आट्यांचा गेज असेल तर २० व १६ या दोन पात्या लावून पाहाव्यात. जुन्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा तीन सुती व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या आट्यांचा, बोल्टही चालतो, कारण या मापांना त्याचेही आटे इंचाला १६ व २० असेच असतात. फक्त आट्याचा कोन ६० अंशांऐवजी ५५ अंश असतो आणि एवढ्या कामात तो आड येत नाही.

आर्मविषयी एक हिशेब लक्षात ठेवावा. कॅमेरा, लेन्स व हेड मिळून ४ किलो असतील आणि ते खांबापासून ४० सेंटिमीटरवर असतील, तर खांबावर १.६ किलोग्रॅम-मीटर इतका मुरड घालणारा जोर येतो. आर्म ८० सेंटिमीटर बाहेर काढला की तो दुप्पट म्हणजे ३.२ होतो. पण त्याच आर्मच्या टोकाचा वाक दुप्पट न होता लांबीच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे आठपट होतो. भरलेली कळशी अंगाशी धरणे आणि हात लांब करून धरणे यांत जो फरक आहे तोच इथे आहे. म्हणून स्टँड टेबलाच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यावा, आर्म जितका आखूड ठेवता येईल तितका ठेवावा, आणि तो लांब काढणे भागच असेल तर मागच्या टोकाला वजन लावावे. पाकिटावर छापलेली भारक्षमता यात फारशी उपयोगी पडत नाही. ती मोजण्याची सर्व उत्पादकांना बांधील अशी एकच पद्धत नाही आणि १५ किलो म्हणजे खांबालगत की आर्मच्या टोकाला, हे सहसा लिहिलेले नसते.

घोडा खाली घसरण्याचे कारण पुष्कळदा तेल असते. स्टँड कुरकुरतो म्हणून स्टुडिओतील मदतनीस सद्भावनेने खांबावर फवाऱ्याचे तेल मारतो आणि ज्या पृष्ठभागावर क्लॅम्पने घर्षणाने धरून राहायचे तोच निसरडा होतो. सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन खांब व क्लॅम्पच्या पट्ट्या कोरड्या होईपर्यंत पुसाव्यात. तेल फक्त बेअरिंगमध्ये, तेही उत्पादकाने सांगितले असेल तर. स्थानिक बनावटीच्या खांबाला संपूर्ण पावडर कोटिंग केलेले असेल, तर क्लॅम्पखालचा तो थर दबतो व सोलवटतो, म्हणून घोडा ज्यावरून सरकतो ते पृष्ठभाग ग्राइंडिंग करून उघडे किंवा क्रोम केलेले असावेत. घोडा दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून पाहिल्यास रोलर सैल झाले आहेत का, हे लगेच कळते. अनेक स्टँडमध्ये रोलरचा बोल्ट मध्यबिंदू सोडून बसवलेला असतो व तो थोडा फिरवून खेळ काढता येतो.

खांबाच्या आत काउंटरवेट (कॅमेऱ्याचा भार तोलणारे वजन) असलेल्या स्टँडमध्ये घोडा सोडल्यावर तो जागीच थांबला पाहिजे. खाली जात असेल तर आतले वजन कमी आहे, वर जात असेल तर जास्त आहे. इथे सावधगिरी फार आवश्यक आहे: घोड्याचा खटका लावल्याशिवाय कॅमेरा कधीही उतरवू नये. कॅमेऱ्याचे वजन निघाले की आतले काउंटरवेट खाली येते आणि आर्म झटक्याने वर जातो. समोर वाकून प्लेट सोडवणाऱ्याचा जबडा त्याच्या वाटेत असतो. काउंटरवेट ज्याला टांगलेले असते त्या वायर रोपचा एखादा तंतू तुटून बाहेर आलेला दिसला, तर तो दोर त्याच दिवशी बदलावा व तोवर स्टँड वापरू नये.

चाकांचे ब्रेक हा गैरसमजाचा भाग आहे. साध्या चाकाचा ब्रेक चाकाचे फिरणे थांबवतो, परंतु चाक ज्या उभ्या खुंटीवर वळते तिथला खेळ तसाच राहतो, आणि रबराची चाके एकाच जागी महिनोन्महिने उभी राहिली की खालून चपटी होतात. जड स्टँड जागेवर नेल्यानंतर तो चाकांवर उभा ठेवू नये. पायाला लेव्हलिंगचे बोल्ट असतील तर ते खाली उतरवून चाके फरशीपासून किंचित उचलली जातील असे करावे, नसतील तर कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात पायाला नट वेल्ड करून ते बसवून मिळतात. वाळूच्या पिशव्या पायावर ठेवाव्यात. आर्मला लटकवलेली पिशवी लंबकासारखी झुलते.

कंपनाची तक्रार शेवटी बहुतेक वेळा फरशीपाशी येऊन थांबते. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या इमारतीत ट्रक गेला की वरच्या मजल्यावर लेझरचा ठिपका थरथरताना दिसतो. पण त्याहून अधिक वेळा गुन्हेगार पोकळ लादी असते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने स्टँडभोवतीच्या लाद्या वाजवून पाहाव्यात. भरीव लादीचा आवाज बद्द येतो, खाली सिमेंट न पोहोचलेली लादी पोकळ वाजते आणि तिच्या कोपऱ्यावर पाय पडताच स्टँडचा एक पाय उचलला जातो. जुन्या नाशिकमधील वाड्यात लाकडी तुळयांच्या मजल्यावर स्टुडिओ असेल, तर छायाचित्रकाराने नुसते एक पाऊल टाकले तरी फ्रेम हलते. तिथे स्टँड भिंतीजवळ, तुळई भिंतीत शिरते त्या टोकाला ठेवावा, पायाखाली दोन-तीन तुळयांवर आडवा पडेल असा १८ मिलिमीटर प्लायवूडचा तुकडा घालावा आणि शटर सोडताना कोणीही चालू नये. छताचा पंखा व कूलर त्या वेळी बंद ठेवावेत. उन्हाळ्यात हा सल्ला कोणालाच आवडत नाही.

तापमानाला दोष देण्याआधी हिशेब करावा. अ‍ॅल्युमिनियमचा २ मीटर खांब १० अंशांच्या फरकाने सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो, पोलादी खांब त्याच्या साधारण निम्मा. थंडीतल्या सकाळी गार खोलीत काम सुरू करून दिवे तापत गेले, तर अगदी जवळून टिपलेल्या दागिन्यात हा फरक जाणवू शकतो. त्यासाठी दिवे व कॅमेरा तासभर आधी चालू ठेवणे पुरेसे आहे.

एवढे करूनही लेझर खांब किंवा पायाच कमजोर असल्याचे दाखवत असेल, तर नवा स्टँड घेणे योग्य. आखूड आर्म व २ किलोच्या आतला कॅमेरा असेल तर जाड पायांचा ट्रायपॉड पुरतो. वरून टिपण्याचे काम रोजचे असेल, तर एका खांबाचा स्टुडिओ स्टँडच लागतो. स्वित्झर्लंडच्या फोबा, नेदरलँड्सच्या काम्बो आणि इटलीच्या मॅनफ्रोटो या कंपन्यांचे असे स्टँड जगभर वापरात आहेत. किंमत परवडत नसेल तर अंबडमध्ये पोलादी नळीचा खांब करून घेणे हा वाईट पर्याय नाही, मात्र कारागिराला जाड पत्रा सांगण्यापेक्षा मोठा व्यास सांगावा. पत्र्याची जाडी तीच ठेवून गोल नळीचा व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होते आणि वाकण्याला विरोध सुमारे आठपट होतो. १०० मिलिमीटरची नळी ५० मिलिमीटरच्या नळीपुढे अवजड दिसते, पण काम तीच करते.

ऑर्डर देण्याआधी तीन मापे घ्यावीत: खोलीची फरशीपासून स्लॅबपर्यंतची उंची, आतल्या दाराची रुंदी आणि लिफ्टचा कर्ण. अडीच मीटरचा अखंड खांब बऱ्याच रहिवासी इमारतींच्या लिफ्टमध्ये बसत नाही, आणि जिन्याच्या वळणावर तो फिरत नाही असे लक्षात आले की स्टँडचा रस्ता तिथेच संपतो. पाया ७५ सेंटिमीटरच्या दारातून जाणार नसेल, तर तो सुटा होणारा असावा.

स्टँड जागेवर आला की आधी पाया पाणसळीने सपाट करावा, मग घोडा अगदी खाली व अगदी वर नेऊन दोन्ही वेळा खांबाला ओळंबा लावावा. नेहमीचा कॅमेरा, नेहमीची लेन्स आणि नेहमीच्या लांबीचा आर्म लावून स्टँड रात्रभर तसाच ठेवावा, सकाळी पायाचे व आर्मचे बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत आणि त्यानंतरच लेझरची अर्ध्या तासाची चाचणी घ्यावी. ठिपका १ मिलिमीटरच्या आत राहिला, तर पायांच्या जागा फरशीवर रंगाने आखून घ्याव्यात.